रस्त्याचा हक्क

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पुरी झाली. संस्थापकांचे कष्ट, शिष्यवृत्त्या, गरिबांच्या औषधपाण्याची सोय, मुलांना दर वर्षी मिळणाऱ्या वह्या या सर्वांविषयी आमच्या आधीच्या वक्त्यांनी भरभरून सांगितले आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. अध्यक्षांनी आम्हांस "उपयुक्त असे चार शब्द" बोलण्याची आज्ञा केली. शिक्षकाला उपयुक्त बोला म्हटले की तो गणिताकडे वळतो, हा दोष आमच्या धंद्याचा आहे. तेवढा आपण पोटात घालावा.

बाहेर ओसरीत आपल्या नियोजित इमारतीचा नकाशा लावलेला आहे. खाली पाचशे माणसांचे सभागृह, वर मुलांसाठी अभ्यासिका व शिकवणीचे वर्ग. नकाशा देखणा आहे. जिना कोठे, पाण्याची टाकी कोठे, स्वयंपाकाची जागा कोठे, स्त्रियांचे प्रवेशद्वार कोठे, सर्व काही बारकाईने दाखविले आहे. मात्र इमारतीसमोर दोन समांतर रेघा ओढून त्यांच्यामध्ये 'रस्ता' एवढाच शब्द लिहिला आहे. बाकी ती जागा कोरी आहे. त्या कोऱ्या जागेविषयीच आज आम्हांस बोलायचे आहे.

कोणतीही नवी इमारत आपल्याबरोबर माणसे आणते आणि माणसे वाहने आणतात. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती कोणी मुद्दाम सांगत नाही, आणि सांगत नसल्यामुळे कोणी मोजीतही नाही. इमारत बांधणारा आपल्या कुंपणाच्या आतला विचार करतो, पालिका नकाशावर शिक्का मारते, आणि कुंपणाबाहेर जे काही व्हायचे ते होऊन गेल्यावर आपण सारे मिळून वाहतूक पोलिसाला दोष देतो. जगातील पुष्कळ शहरांनी यावर एक साधा नियम काढला आहे. मोठे बांधकाम करावयाचे असेल, तर त्यामुळे रस्त्यावर किती भार पडेल याचा अभ्यास आधी करून दाखवा, रस्ता तो भार सोसणार नसेल तर उपाय सांगा, आणि त्या उपायाचा योग्य तो खर्च सोसा, मग परवानगी मागा. याला वाहतूक परिणाम अभ्यास म्हणतात. आपल्या देशातही मुंबई, दिल्ली, चेन्नई अशा महानगरांत मोठ्या प्रकल्पांकडून असा अभ्यास मागितला जातो.

या अभ्यासात गूढ असे काहीच नाही. आठवीचा मुलगा करील एवढेच गणित त्यात आहे. पहिली पायरी, आज त्या रस्त्यावरून गर्दीच्या तासात किती वाहने जातात ते मोजणे. दुसरी, नव्या इमारतीमुळे त्या तासात आणखी किती येतील याचा अंदाज करणे. तिसरी, ती कोणत्या दिशेने येतील आणि कोणत्या तिठ्यावर वळतील हे पाहणे. चौथी, ही सारी बेरीज रस्त्याच्या क्षमतेशी ताडून पाहणे. आणि पाचवी पायरी उपायांची.

मोजणी करताना एक अडचण येते. ट्रक आणि स्कूटर यांची बेरीज कशी करावयाची? यासाठी इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने शहरी रस्त्यांसाठी १९९० साली कोष्टक दिले. त्यात मोटारगाडी म्हणजे एक एकक. दुचाकीला अर्धा ते पाऊण, रिक्षाला सव्वाच्या आसपास ते दोन, आणि ट्रक किंवा बसला २.२ पासून ३.७ पर्यंत एकके. रस्त्यावर त्या जातीच्या वाहनांचे प्रमाण जसे वाढते, तसा आकडाही चढत जातो. दोन्ही बाजूंस दुकाने, कडेला उभी वाहने व मधून आडवे जाणारे लोक असलेल्या दोन पदरी रस्त्याची क्षमता दोन्ही दिशा मिळून ताशी ९०० एकके धरली आहे.

आता आपले सभागृह घ्या. समजा, लग्नाला पाचशे पाहुणे आले. त्यांतील अडीचशे दुचाकीवरून, दोघे दोघे मिळून. म्हणजे १२५ दुचाक्या. दोनशे मोटारींतून, चौघे चौघे. म्हणजे ५० मोटारी. उरलेले पन्नास पायी किंवा बसने. दुचाकीला पाऊण एकक धरले तर ९४, अधिक मोटारींचे ५०, एकूण १४४ एकके. निकाहची वेळ पत्रिकेत छापलेली असते, त्यामुळे बहुतेक लोक अर्ध्या तासात येतात. तासाच्या हिशेबाने हा ओघ २८८ झाला. रस्त्याची सारी क्षमता ९०० धरली, तर तिचा जवळजवळ एक तृतीयांश भाग एका लग्नाने घेतला. त्याच वेळी रस्त्यावर आधीचीच ७०० एकके असतील, तर बेरीज ९८८ होते. पुढे काय होईल ते सांगावयास ज्योतिषी नको.

उभ्या वाहनांचे गणित याहून सोपे. एका मोटारीला नुसते उभे राहावयास अडीच मीटर रुंद व पाच मीटर लांब जागा लागते. ५० मोटारींना ६२५ चौरस मीटर लागतील, आणि त्यात वळावयास जागा धरलेली नाही. आपल्या नकाशात बारा मोटारींची सोय आहे. उरलेल्या अडतीस रस्त्याच्या कडेला एकापुढे एक लावल्या तर दोनशे मीटरांहून लांब रांग होईल. त्या रांगेत शेजाऱ्यांची किती दारे येतात, हे आपण घरी जाताना पावले टाकीत अवश्य मोजावे.

हे गणित आपल्या मुरगावात इतरांपेक्षा कठीण का होते, तेही पाहिले पाहिजे. आपले गाव म्हणजे समुद्रात घुसलेला जमिनीचा एक चिंचोळा पट्टा. एका अंगाला जुवारी नदीचे मुख, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, मध्ये डोंगर व सडा. एकोणिसाव्या शतकात १८८० नंतरच्या दशकात येथे बंदराची व रेल्वेची कामे झाली. १९५७ साली गोवा शिपयार्ड सुरू झाले. त्याच दशकात दाबोळीचा विमानतळ झाला. मुक्तीनंतर बंदर वाढले, झुआरीनगरला खताचा कारखाना आला, वेर्ण्याला औद्योगिक वसाहत झाली, २००४ साली झुआरीनगरलाच मोठी अभियांत्रिकी शिक्षणसंस्था आली, आणि चिखली, दाबोळी, सांकवाळ या भागांत वसाहतींमागून वसाहती उठल्या. यांतील प्रत्येक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. आमचे कित्येक विद्यार्थी यांतच पोट भरतात. परंतु या सर्वांची वाट एकाच पट्ट्यातून जाते. बंदर टोकाला आहे आणि टोकाला जाणारी वाट गावातूनच निघते. मुंबईला एक रस्ता तुंबला तर दुसरा सापडतो. आमच्याकडे दुसऱ्या बाजूला पाणी आहे.

दाबोळीचेच पाहा. २०१८-१९ या वर्षात तेथून ८० लाखांहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली. दिवसाला भागले तर सुमारे बावीस हजार. विमानतळाच्या दारापासून यांतील जवळजवळ प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या चाकावर बसूनच पुढे गेला. आता मोपाचा विमानतळ झाल्यापासून ही गर्दी दोन ठिकाणी वाटली गेली आहे. पण वाटली गेली म्हणजे नाहीशी झाली असे नव्हे. आमच्या वाट्याची थोडी पेडणेकरांच्या दारी गेली.

आणि रस्ता पुढे सरकावयास किती वेळ लागतो, हेही आपण जाणतोच. वेर्ण्याहून बंदराकडे येणाऱ्या चौपदरी महामार्गाचे काम या शतकाच्या पहिल्या दशकात वरुणापुरीपर्यंत झाले, आणि पुढला थोडा तुकडा कडेच्या घरांच्या पुनर्वसनाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षे अडून राहिला. मध्यंतरी बंदरात ट्रक यावयाचे थांबले नाहीत. ते गावातून आले. पुढे बायण्याला रवींद्र भवनाजवळून बंदराच्या दिशेने उड्डाणपुलाचे काम हाती घेण्यात आले. सांगण्याचा मुद्दा हा की, इमारत दोन वर्षांत उभी राहते, रस्त्याला वीस वर्षेही लागतात. म्हणून इमारतीच्या आधी रस्त्याला विचारले पाहिजे.

आपल्याकडे असा विचार करणारा कायदा मुळीच नाही असे मात्र नव्हे. केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते. त्या अर्जात स्पष्ट प्रश्न आहे, की या प्रकल्पामुळे वाहने उभी करण्याच्या जागेची टंचाई होईल काय, आज वाहतुकीची व्यवस्था कशी आहे, ती सुधारण्यासाठी काय करणार, आणि प्रवेशाच्या व बाहेर पडण्याच्या ठिकाणी वाहतूक कशी सांभाळणार. प्रश्न उत्तम आहे. पण तो २०,००० चौरस मीटरांच्या वरच्यांनाच विचारला जातो. त्याखाली गोव्याचे बांधकाम नियम लागतात. त्यांचा भर समोरच्या रस्त्याची रुंदी किती मीटर आणि आत पार्किंग किती, यावर आहे. रुंदी ही कायम राहणारी गोष्ट आहे. त्या रुंदीवर आज किती गर्दी आहे हा प्रश्न निराळा. दहा मीटरांचा मोकळा रस्ता आणि दहा मीटरांचा भरलेला रस्ता, टेपने मोजले तर सारखेच.

येथे एक मोठी फट राहते. एकाच रस्त्यावर दोन-दोन हजार चौरस मीटरांच्या दहा इमारती आल्या, तर त्यांची बेरीज २०,००० होते. पण प्रत्येकीची फाईल वेगळी, म्हणून मोठा प्रश्न एकीलाही विचारला जात नाही. प्रत्येक जण म्हणतो, माझ्यामुळे थोडीच गर्दी होते! आणि ते खरेही असते. उंटाच्या पाठीवर एकेक काडी ठेवणाऱ्याचेही म्हणणे हेच असते. २०२४ साली सांकवाळला एका मोठ्या गृहप्रकल्पाविरुद्ध उपोषण झाले, ते सर्वांच्या स्मरणात असेल. मोठा प्रकल्प डोळ्यांत भरतो, त्याविरुद्ध लोक उठतात. लहान लहान इमारतींची बेरीज कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. आमच्या मते आपल्यासारख्या गावात मोजणी इमारतीगणिक न होता रस्त्यागणिक झाली पाहिजे. पालिकेने व नियोजन प्राधिकरणाने प्रत्येक प्रमुख रस्त्याचे एक खाते उघडावे. क्षमता किती, आज भार किती, मंजूर झालेल्या पण अजून न बांधलेल्या इमारतींचा भार किती, आणि शिल्लक काय. बँक शिल्लक पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. रस्त्याच्या खात्यावर मात्र आपण डोळे मिटून हुंडी काढतो.

आधी मोजले नाही तर काय होते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. पेडण्यात मोपा विमानतळाला २०१५ साली पर्यावरण मंजुरी मिळाली. अर्जात पुरी माहिती दिली नाही, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी ती स्थगित केली, आणि फेरविचार होऊन जास्तीच्या अटींसह जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठविली. प्रश्न तेथे मुख्यतः झाडांचा व वनांचा होता, पण न्यायालयाने शिकविलेला धडा सर्वांना लागू आहे. अर्जात खरे व पुरे लिहिणे हाच साऱ्या परीक्षेचा पाया होय. पुढे ५ जानेवारी २०२३ पासून तेथे प्रवासी विमाने उतरू लागली. महामार्गापासून धारगळहून मोप्याला जाणारा खास रस्ता मात्र त्यानंतर खुला झाला. आधी विमान आले आणि मागाहून रस्ता आला. मधल्या काळाचा भार गावरस्त्यांनी वाहिला.

डिचोलीची कथा याहून जुनी. तेथील खाणींचे लोहखनिज ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर जाई आणि तेथून बार्जमधून आमच्या मुरगाव बंदरात येई. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खनिज उत्खननाला वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. दहा टनांचा ट्रक धरला, तर २ कोटी टनांना २० लाख खेपा लागतात, आणि तेवढेच रिकामे ट्रक परत जातात. ज्या गावांतून हे ट्रक गेले तेथली धूळ, तेथले अपघात, तेथल्या शाळकरी मुलांचे हाल आम्ही वेगळे सांगत नाही. पण त्याच कथेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. डिचोलीच्या धक्क्यापासून मुरगावापर्यंतचा भार मांडवी-जुवारीने वाहिला. तो रस्त्याने आला असता तर आज आपण येथे सभा भरवू शकलो असतो की नाही याची शंका आहे. म्हणजे वाहतुकीचा उपाय दर वेळी रुंद रस्ता हाच असतो असे नाही. कधी तो नदी असतो, कधी रेल्वे, कधी बस, आणि कधी नुसते वेळापत्रक.

आता या शास्त्रातला एक दोष सांगतो, कारण शिक्षकाने पुस्तकातले चूक-बरोबर दोन्ही दाखवावे. रस्त्यावरच्या वाहनांची मोजणी कशी करतात हे दाखविण्यासाठी आम्ही एकदा आठवीच्या मुलांना तिठ्यावर घेऊन गेलो. वहीत रकाने आखले होते. दुचाकी, मोटार, रिक्षा, बस, ट्रक, सायकल. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी मोजणी चालली. बसचा रकाना, पायलटचा दुचाकीच्या रकान्यात, पोदेराच्या सायकलीचाही मान राखला गेला. इतक्यात एक मुलगी म्हणाली, "सर, चालत जाणाऱ्यांचा रकाना नाही." आम्ही कोष्टक डोळ्यांपुढे आणले. ट्रकला ३.७ एकके, हातगाडीलादेखील दोन-तीन एकके. पण पायी जाणाऱ्या माणसाला एकक नाही. ज्या मुलांना आम्ही तेथे मोजावयास नेले होते, ती मुले स्वतः त्या कोष्टकात शून्य होती.

ही गोष्ट इतरांच्याही ध्यानात आली आहे. १९६३ साली इंग्लंडात कॉलिन ब्यूकॅनन यांनी तेथील सरकारसाठी शहरांतील वाहतुकीवर जो अहवाल लिहिला, त्यात त्यांनी सांगितले, की रस्त्यावरून जास्तीत जास्त किती गाड्या जाऊ शकतात हा एकच प्रश्न पुरा नाही. तेथे राहणाऱ्या व चालणाऱ्या माणसांचे जीवन सुसह्य राहून किती गाड्या जाऊ शकतात, ही दुसरी मर्यादाही मानली पाहिजे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव तर विशेष बोधप्रद आहे. तेथे नव्या प्रकल्पांचा अभ्यास अनेक वर्षे सक्तीचा होता, पण मोजीत असत ते मुख्यतः मोटारवाल्याला चौकात किती थांबावे लागते ते. परिणाम असा झाला, की दर वेळी उपाय निघे तो रस्ता रुंद करण्याचा, आणि गावाच्या मध्यभागी बांधणाऱ्याला नियम जड जाई, तर दूर माळावर बांधणाऱ्याला हलका. माणसे दूर राहावयास गेली, गाड्या अधिकच वाढल्या. शेवटी २०१३ साली तेथे कायदा झाला, आणि १ जुलै २०२० पासून राज्यभर चौकातील खोळंब्याऐवजी प्रकल्पामुळे लोकांना एकूण किती मैल गाडी चालवावी लागेल, हे मोजण्याची पद्धत लागू झाली. आपण काय मोजतो, त्यावर आपण काय बांधतो हे ठरते. मोटारी मोजल्या तर रुंद रस्ते बांधले जातात. चालणारी मुले मोजली तर पदपथ बांधले जातात.

आता आम्ही जरा अप्रिय बोलणार आहोत. समारंभाच्या दिवशी बोलू नये हे खरे, पण आपल्याच घरात नाही बोलावयाचे तर कोठे बोलावयाचे?

काही वर्षांमागे आपल्या सध्याच्या जागेत एक मोठा कार्यक्रम झाला. हेतू चांगला होता, मदतीसाठी निधीही चांगला जमला. आम्ही स्वतः दारात उभे राहून पाहुण्यांचे स्वागत करीत होतो आणि गल्लीच्या दोन्ही कडांना लागलेल्या मोटारी पाहून, खोटे कशाला बोलावे, मनात सुखावत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या एक आजी भेटल्या. त्या आम्हांस लहानपणापासून ओळखतात आणि बाबा म्हणून हाक मारतात. त्या म्हणाल्या, "बाबा, काल पाण्याचा टँकर आला होता. गल्लीच्या तोंडावर थोडा वेळ थांबला आणि परत गेला. जेवण चांगले झाले ना तुमचे?" त्यांच्या शब्दांत राग नव्हता. त्या गल्लीतील सात-आठ घरांनी ती रात्र पाण्यावाचून काढली होती, आणि त्याच वेळी आम्ही पाहुण्यांना थंड सरबत देत होतो. तो टँकर कोणी अडविला? एकाही पाहुण्याने नाही. प्रत्येकाने आपली एकच गाडी लावली होती. अडविला तो बेरजेने, आणि ती बेरीज करण्याचे काम आमचे होते.

आपले पैगंबर साहेब यांची शिकवण आपण मुलांना सांगतो, की वाटेतील अडथळा दूर करणे हेदेखील श्रद्धेचेच अंग आहे, आणि जो रस्त्यावर बसतो त्याने रस्त्याला त्याचा हक्क दिला पाहिजे. कोणास उपद्रव न देणे हा त्या हक्काचा भाग. काटा किंवा दगड उचलणे सोपे आहे. पण पाचशे माणसांचे सभागृह बांधून जो अडथळा आपण कायमचा निर्माण करू, तो मागाहून कोण उचलणार?

कोणी म्हणेल, हे धर्मादाय काम आहे, याला एवढ्या चौकशा कशाला? या बाबतीत एक ताजी गोष्ट आहे. जानेवारी २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेत शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि औद्योगिक शेड यांना मोठ्या बांधकामांच्या पर्यावरण मंजुरीतून सवलत देण्यात आली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सवलत रद्द ठरविली. विद्येसाठी बांधले किंवा व्यापारासाठी बांधले, वाहन तेवढीच जागा घेते. पुण्यकर्माला येणारी मोटार रुंदीने कमी नसते. हे आपल्या जुम्म्याच्या नमाजाला लागू आहे, शेजारच्या चर्चच्या फेस्ताला लागू आहे, आणि श्रावणात वास्कोत भरणाऱ्या दामोदराच्या सप्ताहालाही लागू आहे. पण सप्ताहापासून शिकण्यासारखे एक आहे. शतकाहून अधिक काळ चालत आलेल्या त्या उत्सवाची गर्दी सर्वांना आधीपासून ठाऊक असते, म्हणून त्या दिवसांत वाहतूक वळविली जाते व सारे गाव ते समजून घेते. वर्षातून एकदा येणारी गर्दी गाव आनंदाने सोसते. आपले सभागृह वर्षातून कित्येक दिवस भरणार आहे, आणि त्याची वार्ता शेजाऱ्याला पत्रिकेतूनही मिळणार नाही.

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख होती आणि मुरगाव नगरपालिका हद्दीची ९४ हजारांच्या आसपास. गोव्यात नोंदलेल्या वाहनांचा आकडा आज त्या १४.५८ लाखांच्याही पुढे गेला आहे. संस्थापकांनी ही जागा घेतली तेव्हा सभेला येणारे पायी व सायकलने येत, एखादी मोटार आली तर मुले भोवती जमत. त्यांनी रस्त्याचा विचार केला नाही यात त्यांचा दोष नाही. आपण केला नाही तर मात्र आपला आहे.

म्हणून आमच्या चार सूचना आहेत. आमचा इमारतीला विरोध नाही, उलट ती लवकर व्हावी असे वाटते. वरच्या मजल्यावरची अभ्यासिका तर आमच्याच मागणीची आहे.

पहिली सूचना. कायदा मागो वा न मागो, नकाशा पालिकेत जाण्यापूर्वी आपण स्वतः मोजणी करावी. एक शुक्रवार दुपारी, एक शाळा सुटण्याची वेळ आणि एक लग्नसराईतला रविवार. खर्च काही नाही. वह्या ट्रस्टच देतो आणि मुले आम्ही देतो. या वेळी वहीत पायी चालणाऱ्यांचा रकाना पहिला असेल, आणि त्यांना रस्ता ओलांडावयास किती वेळ ताटकळावे लागले तेही लिहिले जाईल.

दुसरी सूचना. मोजणीतून जे निघेल ते नकाशात उतरावे. फाटक रस्त्याला लागून न ठेवता आत घ्यावे, म्हणजे आत शिरणारी गाडी रस्त्यावर खोळंबणार नाही. सभागृह पाचशेऐवजी तीनशेचे करावे लागले तर करावे. वाचलेल्या जागेत गाड्या उभ्या राहतील. पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका व अग्निशामक बंब यांना लागणारी वाट रंगाने आखून ती नेहमी मोकळी राहील अशी व्यवस्था करावी.

तिसरी सूचना. सभागृह भाड्याने देताना वेळेची अट असावी. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी कार्यक्रम सुरू होऊ नये, आणि मोठ्या कार्यक्रमाला यजमानाने बसची सोय करावी. एक बस पन्नास माणसे आणते आणि जास्तीत जास्त ३.७ एकके घेते. तीच माणसे मोटारींतून चौघे चौघे आली तर तेरा मोटारी लागतात. हे गणित आमच्या आठवीच्या मुलांनी एका मिनिटात केले.

चौथी सूचना. आपली मोजणी आपण सूचनाफलकावर लावावी आणि तिची एक प्रत पालिकेला व नियोजन प्राधिकरणाला द्यावी. सोबत विनंती करावी, की हीच माहिती यापुढे या रस्त्यावर बांधणाऱ्या प्रत्येकाकडून मागावी, मग तो बिल्डर असो, संस्था असो की सरकारी खाते असो. आणि सर्वांची बेरीज एकत्र ठेवून ती लोकांना पाहावयास खुली ठेवावी. दुसऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने आपला हिशेब आधी दाखवावा, म्हणजे त्याच्या मागणीला वजन येते.

एवढे केल्याने मुरगावची गर्दी संपेल, असा आमचा भाबडा समज नाही. बंदर, विमानतळ, महामार्ग हे मोठे प्रश्न आपल्या आवाक्याबाहेरचे आहेत. पण आपल्या दारासमोरचे दोनशे मीटर आपल्या आवाक्यात आहेत. प्रत्येक संस्थेने आपापले दोनशे मीटर सांभाळले, तर मोठ्या प्रश्नांचा पुष्कळ भाग आपोआप हलका होईल.

त्या आजी आजही त्याच गल्लीत राहतात. आज सकाळी त्यांना समारंभाचे निमंत्रण देण्यास आम्ही गेलो, तेव्हा टँकरचा वार कोणता ते आधी विचारून घेतले. आज टँकर नाही, याची खात्री करूनच आम्ही येथे बोलावयास उभे आहोत.

ट्रस्टच्या हातून पुढली पन्नास वर्षे अशीच सेवा घडो, आणि ती घडताना शेजाऱ्याची वाट मोकळी राहो, अशी अल्लाहजवळ दुआ करून आम्ही आपली रजा घेतो.